घंटांना हुकूम कुणाचा

थॉर्नबीरच्या चर्चच्या मनोऱ्यात पाच मोठ्या घंटा होत्या आणि त्यांचे पाचही दोर लॉर्ड वेनफर्ड यांच्या हवेलीत, चांदीच्या भांड्यांच्या कपाटात, कुलपात पडलेले असत. हसायचं तर खुशाल हसा, पण आमच्या गावात तीन वर्षं हाच कारभार चालला होता. रविवारच्या प्रार्थनेला आणि कुणी गेलं तर वाजवायला एक छोटी घंटा तेवढी मोकळी ठेवली होती. मोठ्या घंटा वाजवायच्या तर हवेलीवर जायचं, कारभारी प्राउससाहेबांपुढे उभं राहून कारण सांगायचं, दोर खांद्यावर टाकून आणायचे आणि काम झालं की मुकाट्यानं परत नेऊन द्यायचे. हे हेलपाटे सिडवेल टकेटच्या वाट्याला आले होते. चर्चची किल्ली तिच्याकडे होती हे एक कारण. दुसरं असं, की ज्याच्यामुळे दोर कुलपात गेले म्हणून हवेली बोट दाखवत असे, तो हम्फ्री टकेट तिचा नवरा होता.

तो प्रकार आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. दोर कुलपात गेले त्या उन्हाळ्यात राजाचा पुतण्या, ड्यूक, गादी आपली म्हणत आमच्या किनाऱ्यावर उतरला. विणकर, सुतार, मोची असली माणसं काठ्यांना कोयते बांधून त्याच्यामागे निघाली. मोठ्या घरातले गेले असतील तर एखाददुसरेच. ड्यूकचं हे लटांबर थॉर्नबीरवरून गेलं, त्याच सकाळी बार्नबस हेक लोहाराच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या घंटांचा हुकूम मुलीच्या बापाचा असतो, आणि मनोऱ्यात बिअरचं पिंपही त्यानंच पाठवायचं असतं. बार्नबसनं दोन्ही केलं. हम्फ्री हा सुतार, मनोऱ्यातल्या माणसांचा म्होरक्या, आणि सगळ्यात मोठी घंटा त्याची. आता मनोऱ्याच्या भिंती हातभर जाड, आत घंटांचा गदारोळ. बाहेर आभाळ कोसळलं तरी दोरावरच्या माणसाला पत्ता लागत नाही. ड्यूकच्या माणसांना वाटलं, हे आपल्याच स्वागताला. त्यांनी टोप्या उडवल्या, आरोळ्या ठोकल्या आणि पुढच्या प्रत्येक गावात सांगत गेली, की थॉर्नबीरनं आमच्यासाठी घंटा वाजवल्या.

ड्यूक हरला. मागोमाग राजाचा न्यायाधीश आला, आणि चौकाचौकात माणसं टांगली गेली. आमच्या गावापुरता कोर्टात प्रश्न एकच होता, घंटांना हुकूम कुणाचा? बार्नबस तिथंच उभा होता, पांढरा फटक पडलेला. घरात आणखी तीन मुली, धाकटी अजून पाळण्यात. हम्फ्रीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "माझा." घंटा लग्नाच्या होत्या हे त्यानं सांगितलं, पण न्यायाधीशाला ते ऐकायचंच नव्हतं. त्याला ऐकायला लावू शकेल असा एकच माणूस त्या खोलीत होता, आणि तो म्हणजे लॉर्ड वेनफर्ड. त्याच लग्नात केक दोनदा मागून खाल्लेले लॉर्डसाहेब न्यायाधीशाच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा लांबचा एक भाऊ ड्यूकला जाऊन मिळाला होता, त्यामुळे त्यांचीच पाचावर धारण बसली होती. ते आपली नखं बघत राहिले. हम्फ्रीला दहा वर्षांसाठी बार्बाडोसला धाडलं, कुणा मळेवाल्याच्या मालकीत, उसाचा रस उकळायला.

मागे राहिली सिडवेल. मूलबाळ नव्हतं. ती लेस विणायची, आमच्या भागातल्या निम्म्या बायका विणतात तशी, मांडीवर उशी घेऊन आणि दारात बसून, उजेड असेल तोवर. चर्च झाडायचं काम हम्फ्रीचं होतं, ते तिनं न विचारता उचललं. मनोऱ्याचा जिना चढून घंटांच्या खोबणीत चरबी घालायची. दोर कुलपात, घंटा वर्षाकाठी वाजणार एकदा-दोनदा, मग हे कशाला, असं पाद्रीबुवांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, हम्फ्री आल्यावर आधी तेच बघेल आणि गंज दिसला तर माझ्या नावानं शंख करेल. दहा वर्षं बार्बाडोसमध्ये काढून परत आलेला माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता.

बार्नबस दर आठवड्याला तिच्या दारात सरपण टाकून जायचा. मान वर करून बघायचा नाही. तो रडेल की काय असं सिडवेलला सारखं वाटायचं आणि म्हाताऱ्या माणसाला रडताना बघायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती मुद्दाम खेकसायची, की काका, पुन्हा ओलं लाकूड आणलंत, धुरानं डोळे गेले माझे. बार्नबस पुटपुटत निघून जायचा. पुढच्या आठवड्याला पुन्हा ओलंच लाकूड. या दोघांचं तीन वर्षांतलं बोलणं म्हणाल तर एवढंच.

मग तो नोव्हेंबर आला. हॉलंडचा राजपुत्र, आमच्या राजाचा जावई, मोठं आरमार घेऊन आमच्या डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि एक्झेटर शहरात जाऊन बसला. राजा कॅथलिक, राजपुत्र प्रोटेस्टंट, आणि देश बहुतेक प्रोटेस्टंट. तेव्हा लोकांचं मन कुठं होतं हे वेगळं सांगायला नको. पण मन असणं वेगळं आणि मान पुढे करणं वेगळं. तिकडे पूर्वेला सॉल्सबरीजवळ राजाची फौज गोळा होत होती. थॉर्नबीर बरोबर मधे. मागच्या वेळी जे निघाले ते झाडाला टांगलेले सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे या खेपेला गरीब माणूस जागचा हलेना. आणि मोठी माणसं? त्या आठवड्यात डेव्हनमधलं एकूणएक मोठं घर आजारी पडलं. कुणाची छाती भरली, कुणाला ताप. लॉर्ड वेनफर्ड यांचा पाय सुजला. राजाचं पत्र आलं, ताबडतोब या. राजपुत्राकडूनही निरोप आला, वाट बघतोय. दोघांनाही एकच उत्तर गेलं, की पाय जमिनीवर टेकवत नाही, टेकवला की निघालोच.

सिडवेलचं गणित साधं होतं. ज्या राजानं हम्फ्रीला धाडलं तो गादीवर राहिला, तर दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं, आणि तिथल्या तापानं बोलावलं तर तेवढीही नाहीत. राजा बदलला तर कदाचित माफी. पण माफीसुद्धा आपणहून चालत येत नाही; कुणीतरी मोठ्यानं उभं राहून सांगायला लागतं, की त्या घंटा लग्नाच्या होत्या. ते सांगू शकणारा माणूस पायाला फडकी गुंडाळून अंथरुणात पडला होता. सिडवेलला त्याचा असा संताप येई, की लेसच्या उशीत टाचण्या खोचताना त्या बोटात घुसत.

सतरा नोव्हेंबरला ती हवेलीवर गेली. सतरा नोव्हेंबर म्हणजे जुन्या एलिझाबेथ राणीचा दिवस, ती गादीवर बसली तो. राणीला मरून जमाना झाला, पण वेनफर्ड घराण्याला जमीन आणि किताब तिनंच दिलेला, त्यामुळे या दिवशी घंटांचा हुकूम हवेलीचा आणि पिंपही हवेलीचं, हे ठरून गेलेलं. दोर कुलपात गेल्यावरही या दिवसाला कधी खंड पडला नव्हता. हवेलीत त्या दिवशी नुसती पळापळ चालली होती. चांदीची भांडी गवतात गुंडाळून खोक्यांत भरत होते, ती पुरायला बाग खणत होते. प्राउससाहेब घामाघूम झाले होते आणि त्यांच्या केसांचा टोप एका कानावर आला होता. सिडवेलनं दोर मागितले. नाताळपर्यंत गादीवर कोण असेल हे प्राउससाहेबांना ठाऊक नव्हतं, पण आज तारीख कुठली ते पक्कं ठाऊक होतं.

"म्हणजे काय, राणीचा दिवस ना आज," ते म्हणाले आणि कपाटातून दोर काढून तिच्या हातात कोंबले.

सरकारांना एकदा विचारावं का, असं सिडवेलनं आपणहून म्हटलं. दिवस असे होते, की म्हटलेलं बरं.

"सरकारांच्याच हुकमानं दरसाल वाजतात त्या. त्यात विचारायचं काय? जा आता, मला काम आहे."

आमच्या लोकांचं हे असं आहे. दोन राजे गावाच्या दोन बाजूंना फौजा घेऊन बसलेत, आणि आम्ही मधे उभे राहून तिसऱ्याच, मेलेल्या राणीच्या घंटा वाजवणार, कारण तारीख तिची आहे.

दोर बांधले, पिंप उघडलं, पाचही जण दोरांना लागले. हम्फ्रीच्या मोठ्या घंटेवर आता बार्नबस होता. मागच्या प्रकारानंतर मनोऱ्यातल्या माणसांनी एक नेम केला होता, की वाजवताना कुणीतरी फाटकात उभं राहायचं, रस्त्यावर नजर ठेवायची आणि कुणी हत्यारबंद दिसलं की आत येऊन ओरडायचं. हे काम सिडवेलचं. ती शाल लपेटून फाटकात उभी राहिली. घंटांचा आवाज लाल चिखलाच्या रस्त्यावरून, ओल्या शेतांवरून चालला होता, आणि तो कानावर पडला की तिला दर वेळी बरं वाटायचं आणि रडूही यायचं.

गिरणीच्या पुलावर घोडेस्वार दिसले. चांगले पन्नासेक असतील. एक्झेटरच्या बाजूनं येत होते आणि त्यांच्या टोप्यांना नारिंगी फिती होत्या, म्हणजे राजपुत्राची माणसं.

सिडवेल मनोऱ्याच्या दाराशी धावली. ओरडायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. आता घंटा थांबवल्या तर या स्वारांना काय वाटेल? आपल्याला बघून थांबल्या, म्हणजे गाव राजाचं. चालू ठेवल्या तर सॉल्सबरीला बातमी जाणार, की गाव राजपुत्राचं. थांबवूनही मरण आणि चालू ठेवूनही मरण. आत पाच माणसं होती, त्यांतला एकजण ओल्या लाकडाचा म्हातारा. तिनं दार हळूच लोटून घेतलं आणि एकटी फाटकात येऊन उभी राहिली. फाटकाचा खांब सोडायची तिची छाती होत नव्हती. तेवढं खरंच सांगायला हवं, कारण पुढे गावात लोक तिच्या धैर्याच्या फार गप्पा मारू लागले.

स्वारांचा कॅप्टन इंग्लिशच होता. राजाच्या भीतीनं कित्येक वर्षं हॉलंडात काढून आलेला. हॉलंडात तारीख आपल्यापेक्षा दहा दिवस पुढे चालते, त्यामुळे आज राणीचा दिवस हे त्याच्या गावीही नव्हतं. इतक्या दिवसांत कुठल्या गावानं त्यांच्यासाठी दारसुद्धा उघडलं नव्हतं, आणि इथे तर पाच घंटा. त्यानं घोड्यावरून उतरून टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते.

"बाई," त्यानं विचारलं, "या घंटांना हुकूम कुणाचा?"

तोच प्रश्न, आणि शब्दही तेच. सिडवेलच्या डोळ्यांपुढे कोर्टातली ती खोली आली, त्यात उभा असलेला हम्फ्री आला, आणि खुर्चीत बसून नखं बघणारा एक माणूस आला.

"लॉर्ड वेनफर्ड यांचा," ती म्हणाली. "दोर त्यांच्या हवेलीतून येतात, पिंपही त्यांचंच. कुणालाही विचारा."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. राणीचं नाव तिनं घेतलं नाही, पण कॅप्टननं विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही. घोडे हवेलीच्या रस्त्याला वळले.

तासाभरात तिला हवेलीवर बोलावणं आलं. स्वयंपाकघरात स्वार पाव आणि चीज हाणत बसले होते आणि आचारी सफरचंदाच्या दारूचे जग भरून भरून थकला होता. वर लॉर्डसाहेब उशांना टेकून बसले होते, पायाला फडक्यांचं हे एवढं गाठोडं. कॅप्टन नुकताच त्यांचा हात डोळ्यांना लावून खाली गेला होता. बाजूच्या मेजावर राजाचं पत्र उघडं पडलेलं.

"सिडवेल, तू मला फासावर चढवलंस," ते म्हणाले.

"हम्फ्रीला नाही चढवलं, सरकार, नुसतं धाडलं. फार तर तुम्हालाही धाडतील. तिकडे थंडी नसते म्हणतात."

प्राउससाहेबांना खोकल्याची उबळ आली. लॉर्डसाहेबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि तिला म्हणाले, की खाली जाऊन त्या कॅप्टनला सांग, घंटा राणीच्या होत्या.

"सांगते की. पण सरकार, हम्फ्रीनंही सांगितलं होतं, लग्नाच्या होत्या म्हणून. खरं होतं, तरी कुणी ऐकलं नाही. तुम्ही होतात तिथं."

लॉर्डसाहेबांची नजर सवयीनं नखांकडे गेली. मग त्यांचं त्यांनाच ते कळलं असावं, कारण त्यांनी हात पांघरुणाखाली घेतला. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणसाच्या हातात मोठी हवेली असली की त्याची भीती दुसऱ्यांना पुरवावी लागते, एवढंच.

"मला तेव्हा भीती वाटली होती," ते म्हणाले. "आजही वाटतेय."

"मलाही वाटतेय, सरकार. पण घंटा वाजून गेल्या. त्या काही आता परत मनोऱ्यात कोंबता येत नाहीत."

तेवढ्यात खालून आवाज आला. गावातली माणसं एक एक करत हवेलीच्या फाटकाशी जमली होती. स्वार आत गेले आणि त्यांचं स्वागत झालं, एवढं बघितल्यावर लोकांच्या अंगातली तीन वर्षांची थंडी उतरली होती, आणि सगळे लॉर्डसाहेबांच्या नावानं आनंदानं ओरडत होते. लॉर्डसाहेबांनी ते खिडकीतून ऐकलं. लोक आपल्या नावानं असं आनंदानं ओरडतात, हे त्यांना बहुधा प्रथमच कळत होतं. त्यांचा चेहरा बघता बघता उजळला. इतके दिवस दोन पत्रांच्या मधे तळ्यात-मळ्यात करून ते थकले होते, आणि आपल्यासाठी कुणी दुसऱ्यानंच ठरवून टाकलं याचं त्यांना बरंच वाटलं असणार. त्यांनी फडकी सोडली. आतला पाय गोरापान, लहान मुलासारखा निरोगी. प्राउससाहेबांनी अदबीनं छताकडे पाहिलं.

टोपीला नारिंगी फीत हवी होती. हवेलीत तसली फीत कुठली असायला? शेवटी प्राउससाहेबांनी बाईसाहेबांच्या पलंगाच्या पडद्याची नारिंगी दोरी कापून आणली आणि सिडवेलनं चोळीत खोचलेली सुई काढून ती टोपीला शिवायला घेतली. शिवता शिवता तिनं विचारलं, की राजपुत्राला भेटल्यावर हम्फ्रीचं सांगाल ना, तुम्ही त्या लग्नात होतात म्हणून. लॉर्डसाहेब बुटात पाय घालत म्हणाले, सांगेन, सांगेन. दोनदा म्हणाले, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं एक जास्तीचा टाका घातला.

त्यानंतर लॉर्डसाहेबांचं बघून शेजारच्या परगण्यातल्या दोघांना बरं वाटू लागलं, त्यांचं बघून आणखी चौघांना. आठवडाभरात छात्या मोकळ्या झाल्या, ताप उतरले. राजाचे सरदारच काय, घरची माणसंही रात्रीतून उठून पलीकडे गेली. नाताळच्या आत राजा देश सोडून पळाला. सगळीकडे आनंदीआनंद. जे केल्याबद्दल हम्फ्रीला साखरेच्या कढईवर धाडलं होतं, तेच आता मोठमोठ्या घरांनी केलं आणि त्याला विवेकबुद्धी असं नाव पडलं. हम्फ्रीनं तर ते केलंही नव्हतं. सिडवेलला या आनंदात सामील व्हायचं होतं, खरंच व्हायचं होतं, पण एक दिवस लेस विणता विणता तिला असं भरून आलं, की लेसवर पाणी पडायला नको म्हणून ती उठून परसात गेली आणि तिथं उभी राहून पोटभर रडली.

लंडनहून काहीच कळेना. थंडी गेली, नवे राजाराणी गादीवर बसले. आणि मे महिन्यात निरोप आला, की लॉर्ड वेनफर्ड किताबात एक पायरी वर चढून आता अर्ल झाले आहेत, दरबारातल्या एका बड्या पाहुण्याला घेऊन घरी येत आहेत, तरी गाडी गिरणीच्या पुलावर चढली की घंटा सुरू व्हाव्यात. दोर या वेळी प्राउससाहेबांनी आपणहून पाठवले. हम्फ्रीबद्दल निरोपात अवाक्षर नव्हतं.

मनोऱ्यात माणसं जमली. बार्नबस म्हणाला, मी दोराला हात लावणार नाही, मग मला काय करायचं ते करा. इतक्या वर्षांत तो एवढं एकदम कधी बोलला नव्हता.

"लावायचा, काका," सिडवेल म्हणाली. "पण विचारून लावायचा."

गाडी पुलावर चढली. घंटा गप्प. गाडी चर्चजवळ आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, तेही गप्प. नवा अर्ल घरी येतोय आणि त्याच्याच गावात घंटा वाजत नाही, यापरती फजिती आमच्याकडे दुसरी नाही; पाहुण्यानं गाडीतून डोकं बाहेर काढलं आणि काय झालं म्हणून विचारलं. लॉर्डसाहेब लालबुंद होऊन खाली उतरले. मनोऱ्याच्या दारात सिडवेल उभी होती.

"दोर मिळाले नाहीत का?"

"मिळाले, सरकार. लावलेत. माणसंही आत आहेत. फक्त हुकूम कुणाचा आणि कशासाठी, ते एकदा सगळ्यांदेखत सांगा. मागे दोनदा घोटाळा झालाय."

असं बोलल्यावर तिला वाटलं, संपलं आता आपलं. लॉर्डसाहेबांनी मागे वळून पाहुण्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, दारातून डोकावणाऱ्या बार्नबसकडे पाहिलं. त्यांच्या टोपीला अजून तीच पडद्याची दोरी होती, जशी शिवली होती तशी. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"ड्यूकच्या वेळी या मनोऱ्यात घंटा वाजल्या," ते मोठ्यानं म्हणाले, "त्या हेक लोहाराच्या मुलीच्या लग्नाच्या होत्या. मी त्या लग्नात जेवलो होतो. हम्फ्री टकेट निर्दोष आहे. मी कोर्टात बसलो होतो आणि बोललो नाही." आत कुणीतरी हुंदका दिला. तो कुणाचा हे सगळ्यांना कळलं.

पाहुणा गाडीतून उतरला होता. ड्यूकच्या वेळच्या माणसांना परत आणायचं नव्या राजाच्या मनात आहेच, असं तो म्हणाला, पण नावं द्यायला कुणी पुढे येत नाही. त्यानं नाव विचारलं. सिडवेलनं सांगितलं, आणि त्यानं विसरू नये म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. मग ती दारातून आत वळून म्हणाली, "काका, ओढा." त्या दिवशी घंटा इतक्या वाजल्या की पाद्रीबुवांना रविवारचं प्रवचन लिहिता आलं नाही. संध्याकाळी प्राउससाहेब दोर न्यायला आले, तेव्हा लॉर्डसाहेबांनी सांगितलं, असू देत तिथंच.

एवढ्यानं माणूस लगेच घरी येतो असं नाही. मळेवाले हातातली माणसं सोडायला तयार नव्हते, कागद समुद्रावरून जात राहिले, येत राहिले. आणखी दोन उन्हाळे गेले. सिडवेल जिना चढून घंटांना चरबी घालत राहिली, आणि आता कुणी तिला कशाला म्हणून विचारत नव्हतं.

मग एका दुपारी बंदराकडून आलेल्या गाडीवानानं तिच्या दारात घोडा थांबवला आणि सांगितलं, की तुझा माणूस टेकडी उतरतोय, गाडीत बसवत होतो पण पायी येतो म्हणाला. दुसरी बाई रस्त्याकडे धावली असती. सिडवेल आधी मनोऱ्याकडे धावली. बार्नबस भट्टीवरचं काम तसंच टाकून आला, बाकीचे शेतातून आले. घंटा सुरू झाल्यावर मगच ती पुलाकडे निघाली, आणि निघाली ती पळतच.

हम्फ्री पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. काळवंडलेला, एक खांदा खाली आलेला, दोन्ही हातांवर भाजल्याचे चट्टे. टोपी छातीशी धरून तो रस्त्याच्या वरच्या बाजूला बघत होता, मग खालच्या बाजूला, कुणी हत्यारबंद येतंय का ते. घंटांचा आवाज ऐकून त्याचा चेहरा भीतीनं ओढला गेला होता.

"चारच वाजतायत," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या बायकोला पहिला शब्द हा. "मोठी का वाजत नाही?"

"बार्नबसकाका तिचा दोर धरून उभे आहेत. ओढत नाहीत. म्हणतात, ती ज्याची आहे तो टेकडी उतरतोय."

तो तरीही हलेना. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि हळूच विचारलं, "सिडवेल, घंटांना हुकूम कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली.

हम्फ्रीनं टोपी डोक्यावर घातली आणि पूल ओलांडला.